काडेपेट्यांचा डबा

चौतीस वर्षं मी लोकांना खिसे झाडायला लावले. शेतकरी असो, व्यापारी असो, मालकाचा जावई असो, फाटकातून आत यायचं तर काडेपेटी, लायटर, विडीचं बंडल बाहेर काढायचं आणि चौकीदाराच्या डब्यात टाकायचं. हे काम चौकीदार करायचा, पण नियम माझा होता, त्यामुळे शिव्या माझ्या वाट्याला यायच्या. त्या मी आनंदाने खाल्ल्या.

दिग्रसच्या बाहेर आमचं जिन होतं. मी तिथे फिटर म्हणून लागलो आणि मुख्य मिस्त्री म्हणून निवृत्त झालो. ज्यांनी जिन पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शेतकऱ्याचा कापूस आवारात येतो, त्याची मोठी गंजी लागते. तिथून तो रेच्यांवर जातो. रेचा म्हणजे सरकी आणि रुई वेगळी करणारं यंत्र. त्यात कापूस टाकायचं काम बाया करतात. सरकी खाली पडते, रुई मोठ्या पंख्याच्या हवेने पाइपातून प्रेसमध्ये जाते, आणि तिथे दाबून तिच्या गठाणी बांधतात. एक गठाण दीड-पावणेदोन क्विंटलची. हमाल ती गोदामात नेऊन रचतात.

या सगळ्यात एकच शत्रू, आग. कापसात एखादा खडा आला, रेच्याच्या लोखंडी पट्टीवर आपटला, बारीकशी ठिणगी उडाली की ती रुईसोबत पाइपातून गुपचूप प्रवास करते. कधी गठाणीच्या पोटात जाऊन बसते. वरून गठाण थंड, आतून धुमसते आहे. मी नोकरीला लागलो त्याच वर्षी एक गंजी पेटली. तीन दिवस ती विझत नव्हती. पाणी मारलं की वरचा थर विझायचा आणि खालून पुन्हा धूर निघायचा. त्या आगीत आमचा एक हमाल भाजला, तो पुन्हा कामावर आला नाही. कुणीतरी फेकलेल्या विडीचं ते काम होतं असं सगळे म्हणाले. तेव्हापासून मी काडेपेटीचा वैरी झालो आणि मालकांच्या मागे लागून फाटकावरचा तो नियम करून घेतला.

फाटकावर रहीमचाचा होते. उंच, वाळलेले, पांढरी दाढी, आणि बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा. झाकण इतकं घट्ट की उघडायला चाचांचाच अंगठा लागायचा. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण डब्यातली कुठली काडेपेटी कुणाची हे त्यांना पाठ असे. सगळ्या सारख्याच दिसणाऱ्या काडेपेट्यांमधून ते ज्याची त्याला परत देत. एकदा एक मोठे साहेब तपासणीला आले. चाचांनी लायटर मागितला तसे साहेब तापले. तू मला ओळखत नाहीस का, असं विचारलं. चाचा शांतपणे म्हणाले, "म्या ओळखतो साहेब. पण रुई नाही न ओळखत." साहेबांनी लायटर दिला.

ज्या दिवसाबद्दल मला लिहायचं आहे तो मेच्या अखेरचा होता. हंगाम संपत आला होता. आवारात शेवटची एक गंजी उरली होती आणि गोदाम गठाणींनी अर्धंअधिक भरलेलं होतं. त्या आठवड्यात टीव्हीवर कुठल्यातरी किनाऱ्यावरचं चक्रीवादळ दाखवत होते. माडाची झाडं जमिनीला टेकत होती, शाळेच्या हॉलमध्ये माणसं दाटीवाटीने बसली होती. जेवणाच्या सुट्टीत आम्ही ते मोबाइलवर पाहिलं आणि आपल्याला ही भानगड नाही म्हणून भाकरीचं फडकं सोडलं. यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाचा समुद्राशी संबंध टीव्हीपुरताच.

चारच्या सुमारास पश्चिमेकडचं आभाळ मातकट झालं. धुळीचं वादळ आम्ही दरसाल पाहतो, पण हे खालपासून वरपर्यंत भिंतीसारखं उभं होतं आणि चालत येत होतं. वारा मात्र पडला होता. कावळे आवारात जमिनीवर येऊन बसले होते, माणसं जवळून गेली तरी उडत नव्हते. मी रेचे बंद करायला सांगितले आणि बारा हमालांना ताडपत्र्या घेऊन गंजीवर पिटाळलं. ही माझी पहिली चूक. गोदामाचं पश्चिमेचं मोठं सरकतं दार उघडं होतं आणि त्याच्या खालच्या खिट्ट्या लावायच्या राहिल्या होत्या. पण आभाळ फिरलं की आधी कापूस झाकायचा हे आमच्या हाडात मुरलेलं. बारा माणसं कापूस झाकत बसली आणि दाराकडे कुणी पाहिलं नाही.

जिनामागे वस्ती होती. आमच्याच हमालांची, रेच्यावरच्या बायांची घरं. विटांच्या भिंती, वर टिनाचे पत्रे, पत्र्यांवर दगड. वारा आला तो थेट त्या पत्र्यांवर. पहिला पत्रा आमच्या आवारावरून गेला तेव्हा मला वाटलं एखादं मोठं पाखरू गेलं. मग दहा, मग मोजता येईनात. आणि वस्तीतली माणसं फाटकाकडे धावत सुटली. जवळपास एकच मजबूत इमारत होती, आमचं गोदाम. मी ते उघडून द्यायला एक क्षणही लावला नाही, एवढं मात्र मी माझ्या बाजूने सांगू शकतो.

पण मी फाटकावर गेलो आणि चाचांना म्हणालो, "चाचा, खिसे झाडल्याशिवाय एक माणूस आत सोडू नका. मी येऊन सांगत नाही तोवर इथून हलू नका."

डोक्यावरून पत्रे जाताहेत आणि माणसं फाटकावर रांगेत उभी राहून काडेपेट्या देताहेत, असं दृश्य जगात दुसरीकडे कुठे दिसणार नाही. एकानेही हुज्जत घातली नाही. निम्मी आमचीच कामगार माणसं, फाटक दिसलं की त्यांचे हात आपोआप खिशाकडे जात. म्हाताऱ्या बायांनी कनवटीची काडेपेटी काढून दिली. एकीने चुलीजवळून उचलून आणलेली काडेपेटी आणि सोबत तवा दिला. चाचांनी काडेपेटी ठेवून तवा परत केला. आज आठवलं की हसू येतं. नियम चुकीचा नव्हता. त्या गोदामात शेकडो गठाणी आणि दोनशेच्या वर माणसं होती, घाबरून कुणी एक विडी पेटवली असती तर वादळाची गरजच उरली नसती. पण रांगेतला प्रत्येक क्षण मी त्या लोकांच्या डोक्यावर टांगला होता, हेही तितकंच खरं.

सगळे आत आले. मीही आत धावलो, आणि फाटकावर जाऊन सांगायचं विसरलो.

गोदामात वीज गेलेली. पत्र्यावर गारा पडायला लागल्या तसं शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येईना. माणसं गठाणींच्या गल्ल्यांमध्ये चिकटून बसली होती. एक शेळी होती, दोन कोंबड्या होत्या, एका म्हातारीने घरातला देव्हारा उचलून आणला होता. गोदामात रुईचे तंतू नेहमीच उडत असतात. ते ओल्या अंगांना, केसांना, दाढ्यांना चिकटले आणि थोड्या वेळात सगळी माणसं पांढरी झाली. कोण आडे, कोण शेख, कोण माझ्या भावकीतला, काही ओळखू येईना. मी आयुष्यभर त्या रुईत काम केलं, पण ती माणसांना असं एका रंगाचं करून टाकते हे मी त्या दिवशी पाहिलं.

आणि मग पश्चिमेचं दार गेलं. आधी ते रुळावर थडथडलं, मग खालून आत आलं, एकदा लोंबकळलं आणि निखळून बाहेरच्या धुळीत गेलं. बारा फूट रुंदीचं लोखंडी दार. दारातून वारा आत घुसला आणि छप्पर उचललं.

हे मला नीट सांगितलं पाहिजे, कारण अजूनही लोकांना मी वाढवून सांगतो असं वाटतं. भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये उजेडाची एक पट्टी दिसली. सबंध लांबीभर, वीतभर रुंदीची. कितीतरी टनांचं लोखंड, ज्याच्या कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे लोखंडी त्रिकोण, मी स्वतः रंगवून घेतल्या होत्या, ते वर गेलं, क्षणभर थांबलं आणि पुन्हा भिंतीवर बसलं. विटांचा चुरा पडला. दोनशे माणसांनी मान वर करून ते पाहिलं आणि कुणी ओरडलं नाही. मला भीती नंतर वाटली. त्या क्षणी मी फक्त तोंड उघडं टाकून बघत होतो. इतकं मोठं काहीतरी आपल्याकडे लक्षही न देता आपल्या डोक्यावरचं झाकण उघडून पाहतं आहे, असं वाटलं.

हवा हा माझा विषय. तीस वर्षं मी पंखे आणि पाइप सांभाळले होते. हवा एका तोंडातून भरत गेली आणि तिला निघायला वाट मिळाली नाही की ती पाइप फाडते, हे मला पुस्तकाशिवाय माहीत होतं. पूर्वेची दोन लहान दारं आडोशाला होती. ती मी उघडायला लावली. पण पश्चिमेचं तोंड बुजल्याशिवाय उपयोग नव्हता. आणि बुजवायला आमच्याकडे एकच वस्तू होती.

किसन आडे हा हमालांचा मुकादम. पलीकडच्या तांड्यातला, ठेंगणा, बैलासारखा मजबूत. मी त्याला दाराकडे बोट दाखवलं आणि गठाणींकडे दाखवलं. तो समजला. वाऱ्यापुढे एका टोकापासून उभ्या थप्प्या लावत जायचं, दार पूर्ण बुजेपर्यंत. एरवी गठाणी उंच रचायचं काम विजेवरच्या गाडीने होतं. वीज नाही, गाडी नाही, आणि गंजीवरून परतलेले बारा हमाल आधीच दमलेले. दोन थप्प्या लागल्या आणि तिसरीची गठाण त्यांना उचलेना.

इथे आमच्या हमालांची एक रीत सांगायला हवी. गठाणीला बाईने हात लावायचा नाही. बाई वाटेत आली तरी हमाल गठाण खाली टेकवून ती जाईपर्यंत थांबत. बाईचा हात लागलेली गठाण कुणाच्या तरी पायावर पडते अशी त्यांची पक्की समजूत. किसनने यावरून रेच्यावरच्या बायांना कितीदा हिडीसफिडीस केलं असेल. त्या बायांची प्रमुख सुमनबाई, माझ्याहून थोडी लहान, विधवा, आवाज रेच्याच्या वर जाणारा. ती उठली, पदर खोचला आणि सरळ गठाणीला खांदा लावून उभी राहिली. किसन तिच्याकडे बघतच राहिला.

"किसनभाऊ," ती त्याच्या कानाशी म्हणाली, मी शेजारीच होतो, "आज गठाण पडली त पडू दे. छत पडण्यापरीस बरी."

किसनने गठाणीच्या दुसऱ्या बाजूला स्वतःचा खांदा लावला. मग तीस-चाळीस बाया उठल्या. त्यांच्यामागे वस्तीतली माणसं. हमाल वर चढून ओढत होते, बाया खालून रेटत होत्या. हमाल जी हाळी देतात तीच बाया द्यायला लागल्या, रोज ऐकून त्यांना ती तोंडपाठ होती. छप्पर दुसऱ्यांदा उचललं तेव्हा निम्मं दार बुजलं होतं. या वेळी पट्टी बोटभरच दिसली.

शेवटच्या थप्पीत छातीपासून वर एकाच गठाणीची जागा उरली, तेव्हा सुमनबाई थांबली.

"भाऊ," ती म्हणाली, "चाचा कोठी हायेत?"

मी सांगेपर्यंत हलू नका, असं मीच म्हणालो होतो. आणि चाचा हलणारे नव्हते. मी त्या जागेतून बाहेर पाहिलं. पाऊस, गारा, धूळ आणि कापूस असं सगळं आडवं वाहत होतं. फाटक दिसत नव्हतं, आणि पूर्वेच्या दारांकडे यायचं तर त्या माऱ्यात सबंध गोदामाला वळसा घालावा लागला असता. मी हाक मारली, ती माझी मलाच ऐकू आली नाही. किसन म्हणाला, मी जातो. त्याला तीन लेकरं होती आणि ती तिन्ही आमच्या मागे बसली होती. मी त्याला दंडाला धरून ठेवलं. तेवढ्यात वाऱ्याचा नवा लोट आला, त्या एवढ्याशा जागेतून आत शिरला, आणि वर कैच्या करकरल्या.

मी म्हणालो, "लावा."

कुणी हललं नाही. मग मी स्वतः गठाणीला हात लावला, आणि माझ्यामागे सगळ्यांनी लावला. ती आत सरकली. दार बुजलं. मी तिथेच खाली बसलो.

त्यानंतर किती वेळ गेला सांगता येणार नाही, तासभर असेल. छप्पर पुन्हा उचललं नाही. बाया गठाणींना पाठी लावून बसून राहिल्या, जणू त्या उठल्या तर भिंत जाईल. पूर्वेच्या दारांतून रुईचे तंतू सरळ रेषेत बाहेर ओढले जात होते. सुमनबाई माझ्याजवळ येऊन बसली.

वारा जसा आला तसाच गेला. पूर्वेच्या दाराने मी सगळ्यांच्या आधी बाहेर पडलो. पश्चिमेला ढगांखालून ऊन आलं होतं. आणि मी थांबलो, थांबायला नको होतं तरी थांबलो, कारण तसं मी पुन्हा कधी पाहणार नव्हतो. गंजी जागेवर नव्हती. ती झाडांवर होती. आवारातली कडुनिंबं, त्यापलीकडचे विजेचे खांब, तारा, पुसदकडे जाणाऱ्या रस्त्याकडेच्या बाभळी, नजर जाईल तिथवर सगळं पांढरं. अख्ख्या हंगामाचा शेवटचा कापूस उन्हात चमकत होता. जमिनीवर गारा आणि वर कापूस. ज्यासाठी मी बारा माणसं पिटाळली होती, ते हे.

फाटकावरची चौकी नव्हती. तिच्या जागी फरशी आणि चाचांचं स्टूल, उलटं पडलेलं. मी हाका मारत सुटलो. उत्तर जमिनीखालून आलं.

फाटकाशेजारी आमचा वजनकाटा आहे. गाडी उभी करतात त्या लोखंडी फळ्यांखाली माणूस उभा राहील एवढा खड्डा असतो, दुरुस्तीसाठी, आणि बाजूला उतरायला झाकण. ते झाकण मी आणि किसनने उचललं. आत पाणी भरलं होतं. त्या पाण्यात वस्तीतली एक म्हातारी, तिचा मुलगा आणि सून शिडीला धरून होते, आणि त्यांच्याखाली, छातीपर्यंत पाण्यात, रहीमचाचा. दोन्ही हात डोक्यावर. हातात डबा.

म्हातारीला पळता येत नव्हतं, ते तिघे उशिरा पोचले. गोदामापर्यंतच्या वाटेवर पत्रे उडत होते, म्हणून चाचांनी त्यांना काट्याखाली घातलं. पाणी चढायला लागलं तसं शिडीवरची जागा त्यांना दिली. एवढं आम्हाला त्या मुलाने सांगितलं. चाचांना मी जवळ घेतलं आणि माफी मागितली. ते थंडीने कुडकुडत होते. म्हणाले, "आधी डबा धरा मिस्त्री, हात दुखून राह्यले."

संध्याकाळी आमच्या लक्षात आलं की वस्तीत एकाही घरावर पत्रा नाही, सगळं भिजलेलं, आणि दोनशे गारठलेल्या माणसांसाठी चूल पेटवायला सबंध वस्तीत एकही कोरडी काडी नाही. मग चाचांनी अंगठा लावून डबा उघडला. सगळ्या काडेपेट्या ठणठणीत कोरड्या. सगळे माझ्याकडे बघायला लागले. विहिरीजवळ, गोदामापासून लांब, मी स्वतः तीन दगड मांडले. जिनाच्या आवारात माझ्या देखत पेटलेली ती पहिली चूल. त्या तव्यावाल्या बाईचा तवाही कामी आला. किसनने पहिला चहाचा ग्लास सुमनबाईच्या हातात दिला. चाचा मात्र एका बाजूला बसून ज्याची त्याला काडेपेटी परत देत होते. हे तुहं, हे तुह्या बापाचं. एकही चुकली नाही.

त्या दिवसाबद्दल चाचा माझ्याशी नंतर बोलले नाहीत. मी विषय काढला की ते डब्याचं झाकण पुसत. त्यांनी मला माफ केलं की नाही हे न कळता मी पुढची चार वर्षं त्या फाटकातून रोज आत गेलो.

निवृत्तीच्या दिवशी प्रेसच्या शेडमध्ये माझा निरोपसमारंभ होता. मी इस्त्रीचा सदरा घालून फाटकावर आलो. चाचांनी हात आडवा केला, नेहमीसारखाच. मग थोडं जवळ येऊन म्हणाले,

"त्या दिवशी म्या गोदामाच्या दारापावतर आलतो मिस्त्री. त्या तिघांले खाली घालून आलतो. गठाणीच्या फटीतून तुमी दिसले, रडून राह्यले होते. एक आवाज देल्ला असता त तुमी गठाण ओढली असती. मले मालूम होतं न. म्हणून देल्ला नाही."

आतून लाउडस्पीकरवर माझं नाव घेत होते. चाचांनी डबा उघडून माझ्यापुढे धरला.

"चला," ते म्हणाले, "खिसे झाडा."

खिशात काडेपेटी नव्हती, कधीच नसायची, हे त्यांना माहीत होतं. तरी मी दोन्ही खिसे उलटे करून त्यांना दाखवले, आणि मग आत गेलो.